परवान्यासाठी काढलेली माणसं

३ ऑगस्ट, सोमवार

आज टायसाहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये उभं करून नवा नियम वाचून दाखवला. वाचताना गळ्यातला टाय असा कुरवाळत होते, जसा काही नियम त्यांनीच केलाय. एक जानेवारीपासून ज्याच्याकडे परवाना नाही त्यानं गिऱ्हाइकाला घर दाखवायचं नाही, किंमत सांगायची नाही, इतकंच काय, कुलूपही उघडायचं नाही. परीक्षा ऑक्टोबरात. त्यात दांडी उडाली तर पुढची थेट एप्रिलमध्ये.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तुमच्यासाठीच आहे बरं का, बाई. पास व्हा, नाहीतर दुसरीकडे बघा."

ऑफिसात परवाना नसलेली मी एकटीच. अकरा वर्षं ह्या माणसाची घरं दाखवतेय. कुठल्या इमारतीची लिफ्ट कुठं अडकते, कुठल्या घरातली ओल कपाटामागं दडवलीय, कुठल्या मालकिणीला विकायचं नाही पण मालकाला घाई आहे, सगळं मला माहीत. दलाली घ्यायला हे, आणि परीक्षा द्यायला मी.

वही अभ्यासासाठी आणली होती. पहिलंच पान शिव्यांत गेलं. जाऊ दे.

६ ऑगस्ट, गुरुवार

पुस्तक आणलं. चारशे बारा पानं. पहिला धडा तीनदा वाचला. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटते, ओल्या साबणासारखी. दहावीनंतर पंचवीस वर्षांत मी बिलं आणि करारांवरची नावं सोडून काही वाचलेलं नाही, हे आज कळलं.

दादाला सांगितलं. म्हणाला, "कशाला हा ताप घेतेस, चिमे? घर आहे, मी आहे. निवांत बस." दादा तो दादाच. तीन वर्षांपूर्वी नवरा मला टाकून गेला तेव्हा हाच टेम्पो घेऊन आला होता. वडील गेल्यावर हे घर आम्हा दोघांचं आहे असं कागदावर असेल, पण त्यानं मला मागची खोली दिली ती कागद बघून नाही दिली.

वहिनी तिथंच भांडी पुसत होती. म्हणाली, "निवांत बसायला काय, कोणीही बसेल." टोमणा मारल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरत नाही.

८ ऑगस्ट, शनिवार

शिकवणी बँकेच्या वरच्या मजल्यावर भरते. बावीस जण, त्यात माझ्या वयाच्या दोघी. सर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. मागच्या बाकावरच्या एकानं त्यांचं नाव 'उजळणी सर' ठेवलंय.

म्हणाले, "पाठ करू नका, चित्र काढा. डोळ्याला दिसतं तेच डोक्यात राहतं. चित्र काढा." मग त्यांनी आपली कार्डं दाखवली. पुढं शब्द, मागं चित्र. एक घर, एक बाण, एक ठोकळा माणूस. बालवाडीत बसल्यासारखं वाटलं. तरी येताना शंभर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि रंगीत पेन्सिली घेतल्या. चाळिशी उलटलेल्या बाईनं रंगपेटी मागितली तेव्हा दुकानदारानं विचारलं, "कितवीत आहे?" मी म्हटलं, "नापासात."

११ ऑगस्ट, मंगळवार

वहिनीनं आज माझ्या खोलीतलं आपलं शिलाई मशीन ओढत ओढत स्वयंपाकघरात नेलं. मशीनखालचं टेबल तेवढं राहिलं माझ्याकडे. इतकी वर्षं त्या खोलीत होतं, आता माझ्या सावलीलाही नको झालंय. स्वयंपाकघरात आता हलायला जागा नाही. वर हीच कुरकुरणार.

त्या टेबलावर बसून चार कार्डं काढली. 'बोजा' म्हणजे घरावर बसलेला दुसऱ्याचा हक्क. घर विकलं तरी तो उठत नाही, नव्या मालकाच्या डोक्यावर बसतो. मी घर काढलं, वर एक पोतं काढलं. सकाळी आठवलं काय, तर पोतं. त्यात काय होतं ते गेलं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

सापडलं!

सकाळी सात वाजता पाण्यावरून जुंपली. मी म्हटलं मला ऑफिस आहे, ती म्हणाली आम्हाला काय जत्रा आहे. शेवटी मी बादली आपटली आणि खोलीत येऊन रागारागानं कार्ड ओढलं. घर काढलं आणि छपरावर वहिनीला बसवली. मांडी घालून, पदर खोचून, हातात उलथनं. कौलं तिच्या वजनानं वाकलेली. खाली लिहिलं: बोजा.

ऑफिसला जाताना, गिऱ्हाइकाशी बोलताना, जेवताना, दिवसभर ती छपरावरून उतरली नाही. विकलं तरी उठत नाही, नव्या मालकाच्या डोक्यावर बसते! एका फटक्यात अर्धा धडा पाठ.

म्हणजे माझ्या डोक्यात शब्द राहत नाहीत, बाण राहत नाहीत. राग राहतो. मग काय, रागाला तोटा आहे का इथं?

२१ ऑगस्ट, शुक्रवार

सतरा कार्डं झाली. 'स्थावर आणि जंगम'ला नवरा काढला. स्टुलावर चढून छताचा पंखा सोडवतोय. जाताना खरंच नेला होता, आणि पंखा होता घरमालकाचा. घराला जखडलेलं ते स्थावर, ते घराबरोबर राहतं. तेव्हा हे माहीत असतं तर स्टूल ओढलं असतं.

'वहिवाट'ला शेजारचा सायकलवाला. आमच्या अंगणातून वर्षानुवर्षं सायकल नेतो, आता त्याला कोण अडवणार?

'दुहेरी दलाली'ला अर्थातच टायसाहेब. दोन तोंडं. एक विकणाऱ्याला सांगतंय, याहून जास्त मिळणार नाही. दुसरं घेणाऱ्याला सांगतंय, याहून कमी होणार नाही. टायची दोन्ही टोकं दोघांच्या खिशात.

फक्त 'मुखत्यार' प्रेमानं काढलं. आपल्या वतीनं सही करायचा अधिकार आपण ज्याला देतो तो. तिथं दादाशिवाय कोण बसणार? हातात पेन, चेहऱ्यावर हसू.

२९ ऑगस्ट, शनिवार

शिकवणीत माझी कार्डं बाकांवरून फिरली. लोक डोळे पुसेपर्यंत हसले. मागच्या बाकावरच्यानं नुसतं विचारलं, "बोजा म्हणजे?" आणि सगळा वर्ग ओरडला, "वहिनी!" सर स्वतः दोनदा हसले.

मग त्यांनी 'मुखत्यार' उचललं आणि जरा वेळ बघत राहिले. "ह्याच्या हातात तुमची सही आहे, मग नजर भलतीकडे का? नजर का भलतीकडे?"

मी म्हटलं, मला डोळे जमत नाहीत.

२ सप्टेंबर, बुधवार

दुपारी दादा अचानक ऑफिसात. बिस्किटांचा मोठा डबा टायसाहेबांना दिला आणि अर्धा तास केबिनमध्ये बसला. बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर थोपटून म्हणाला, "तुझ्याबद्दलच बोलत होतो." डोळे भरून आले माझे. बहिणीची नोकरी राहावी म्हणून आजकाल कोणता भाऊ साहेबाच्या पायऱ्या चढतो?

घरी आल्यावर त्यानं एक कागद पुढं केला. वडिलांच्या नावावरचं सगळं सरळ करून घ्यायचंय, नुसती सही. मी पेन उघडलं, तेवढ्यात वहिनीनं गळतं पातेलं आणून नेमकं कागदावर ठेवलं. शाई पसरली, शिक्का पुसला. दादा केवढ्यानं ओरडला! ही म्हणते, "दिसलं नाही." डोळ्यांवर काय झापडं होती? वर म्हणते, "आधी वन्संची परीक्षा होऊ दे. सध्या त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. मग करा सह्या."

भावाबहिणीत एक गोष्ट गोडीनं होत असली तर हिला खपत नाही. मला वेडी ठरवते ती वेगळीच.

१० सप्टेंबर, गुरुवार

सगळी कार्डं गेली.

तिसऱ्या मजल्यावरचा जो फ्लॅट दोन वर्षं विकला जात नाही, त्याची चावी माझ्याकडेच असते. जेवणाच्या सुट्टीत तिथं अभ्यास करते. मोकळ्या भिंती, ना वहिनी ना फोन. एका भिंतीवर सगळी कार्डं ओळीनं चिकटवली होती. रंगाच्या पालथ्या डब्यावर बसायचं, भिंतीकडे बघायचं, डोळे मिटायचे, पुन्हा बघायचं.

आज दार उघडलं आणि टायसाहेब एका नवराबायकोला घेऊन आत. मी उठेपर्यंत ती बाई भिंतीपाशी पोचलीसुद्धा. एक एक कार्ड वाचत गेली. दोन तोंडांपाशी थांबली. मग वळून साहेबांच्या टायकडे बघितलं. टाय तोच, निळ्यावर पिवळे ठिपके. मी अगदी ठिपक्यांसकट काढला होता.

तिच्या नवऱ्यानं विचारलं, "आम्हाला कुठल्या तोंडानं किंमत सांगितलीत तुम्ही?"

ती दोघं गेल्यावर साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "काढा." मी एक एक कार्ड काढत गेले. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघत होता. "फाडा." फाडली. "त्या कोपऱ्यातल्या डब्यात टाका." त्या डब्यात तळाशी ओला रंग होता.

"तुमची लायकी चावी फिरवण्याची आहे, बाई. कागदांत नाक खुपसू नका. तुमच्या भावाच्या शब्दाखातर ठेवतोय."

आज पुन्हा दादानंच वाचवलं.

१३ सप्टेंबर, रविवार

पहाटे उठले. वाटलं, संपलं, पुस्तकच फेकून द्यावं. मग सहज एक कार्ड घेतलं आणि वहिनीचा खोचलेला पदर काढून बघितला. आला. उलथनं आलं. पंखा, स्टूल, सायकल, सगळी मंडळी न बोलावता येत गेली. दुपारपर्यंत एकोणतीस. टायसाहेब सर्वांत झकास आले. ह्या वेळी त्यांना तीन तोंडं दिली.

मधे वहिनी दाराशी ताट ठेवून गेली, न बोलता. बोलायचं नाही तर नको. मीही बोलले नाही.

१९ सप्टेंबर, शनिवार

माझ्या पुस्तकाला कोणीतरी हात लावतंय. आज उघडलं तर सतराव्या धड्यात केसांची पिन. पानाच्या कडेला पिठाचा अंगठा. घरात पीठ मळणारी कोण, ते सांगायला परीक्षा पास व्हावं लागत नाही. पान फाटलं असतं म्हणजे? पिन काढून तिच्या शिलाईच्या डब्यात टाकली.

सतरावा धडा 'सहमालक आणि हक्कसोड'. रुक्ष आहे. बसवायला कोणी सुचेना म्हणून मी तो मागंच ठेवलाय.

२४ सप्टेंबर, गुरुवार

व्हायचं ते झालं.

सकाळी घाईत कार्डांचा गठ्ठा ओट्यावर विसरले. संध्याकाळी आले तर वहिनी मशीनसमोर बसलेली आणि कार्डं पत्त्यांसारखी पुढ्यात मांडलेली. दादा अजून आला नव्हता.

"ही मी?" तिनं विचारलं.

मी पर्स ओट्यावर टाकली.

"नाक बरोबर काढलंस." आजवर मला तुम्ही म्हणणारी बाई. आज 'तू'वर आली होती. "सोळा वर्षं ह्या छपराखाली राबले, आणि तू मला छपराच्या वर बसवलंस."

"माझ्या वस्तूंना हात का लावलात?"

"तुझ्या वस्तू माझ्या ओट्यावर होत्या."

"तुमचा ओटा! सगळंच तुमचं. ही खोली तुमची, पाणी तुमचं. माझ्या वडिलांचं घर आहे हे, विसरलात का?"

"मी नाही विसरले," ती म्हणाली. "तू विसरलीस."

मग कार्डं गोळा करून, चांगली टोकं जुळवून तिनं माझ्यापुढं आपटली. "एकोणतीस मोजली. सोळाव्या धड्यावरून उडी मारलीस ती थेट अठराव्यावर. सतराव्याचं चित्र कुठंय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय, मी बोजा. पण काढ तू त्याचं चित्र. बघू त्यात कोणाला बसवतेस."

असं हसली की अंगाचा तिळपापड झाला. माझा अभ्यास मोजते! मी नापास व्हावं म्हणून एकेक पानावर डोळा ठेवून आहे ही बाई. मीही तोंडाला येईल ते बोलले. पोटी पोर नाही म्हणून दुसऱ्याच्या घरात जीव अडकलाय, असंही बोलले. ते बोलायला नको होतं. तिनं मशीनचं चाक फिरवलं आणि शिवायला लागली. सुईत दोरा नव्हता.

२७ सप्टेंबर, रविवार

सतरावा धडा वाचला. पाच पानं आहेत. दोन तास लागले.

घराचे दोन मालक असले तर दोघांच्या सहीशिवाय ते विकता येत नाही. एकानं 'हक्कसोड' लिहून दिलं तर त्याचा हिस्सा दुसऱ्याला जातो, कायमचा. लिहून देणाऱ्याला पुढं त्या घरात राहायचाही हक्क उरत नाही. समोरचा ठेवेल तोवर राहायचं.

चित्र काढायला बसले. एक घर काढलं, दोन दारांचं. दारात एक बाई उभी, आपल्या हातांनी किल्ली देतेय. तिच्या अंगावर माझीच साडी आली, सवयीनं असेल. समोर किल्ली घेणारा. हात काढला, सदरा काढला. चेहरा काढला तर तो 'मुखत्यार'वरचाच निघाला. मला एकच पुरुषाचा चेहरा नीट जमतो म्हणून असेल. ह्या वेळी डोळे मात्र पहिल्या फटक्यात जमले.

कार्ड खोडरबरानं पुसून टाकलं. दादा असा नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार

दादानं नवा कागद आणला. वहिनी बाजारात गेली असताना. "घे, आज कोणी पातेलं ठेवणार नाही," असं म्हणून हसला. मीही हसले.

मग मी तो कागद वाचला. अकरा वर्षांत पहिल्यांदा एखादा कागद वरपासून खालपर्यंत वाचला असेन. 'स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कायमचा.'

"वाचतेस काय?" दादा म्हणाला.

"सवय करतेय. पुढच्या रविवारी परीक्षा आहे."

"चिमे, तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे रे. परीक्षा झाली की करते."

त्यानं कागदाची घडी घातली. घडी घालताना बोटं अशी आवळली होती की मधोमध कागद फाटतो की काय वाटलं. "वहिनीनं भरवलं ना तुला काही?"

ती माझ्याशी नऊ दिवस बोललेली नाही, काय भरवणार? पण मी ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं, कळत नाही. 'आहे रे' म्हटलं ते खरं होतं का, तेही कळत नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

परीक्षा झाली. शंभर प्रश्न, तीन तास. एकीकडे घड्याळ, एकीकडे दारात उभी असलेली निरीक्षक बाई, आणि माझ्या डोक्यात सगळे शत्रू रांगेत उभे. हाक मारली की एकेक पुढं यायचा, आपलं काम सांगायचा, मागं जायचा. बाजूचा माणूस घामानं भिजला होता, मला मधे एकदा चक्क हसू आलं.

अडुसष्टावा प्रश्न हक्कसोडीचा होता. पुसलेलं कार्ड सगळ्यांत स्वच्छ दिसलं. उत्तर लिहिलं आणि पुढची दोन मिनिटं पेन हलवता आलं नाही.

२ नोव्हेंबर, सोमवार

पास. एक्क्याऐंशी गुण. उजळणी सरांनी फोन करून दोनदा सांगितलं.

टायसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हात मिळवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच खुर्चीकडे बोट केलं. "झालं गेलं विसरा. तुमच्यासाठी पहिलं काम राखून ठेवलंय. जुनं घर आहे, दोन मजली, जागा मोक्याची. घेणारा तयार आहे. पाडून तिथं मोठी इमारत होईल. विक्री झाली की विकणारा त्या इमारतीत माझा भागीदार. आणि दलालीत तुमचाही वाटा."

फाईल उघडली. फोटोत आमचं अंगण. कोपऱ्यात सायकल.

फोटो जवळ घेतला. वरच्या खिडकीत वाळत घातलेला माझाच टॉवेल होता. म्हणजे मी ऑफिसात असताना काढलेला.

मालकाच्या रकान्यात दादाची सही.

"इथं दोन सह्या लागतात," मी म्हटलं.

"ती काय, तुम्ही भावाला करून देणार आहात. बोलणं झालंय आमचं. ऑगस्टपासून."

"माझ्याशी नाही झालं."

ते टायला हात लावत म्हणाले, "विचार करा, बाई. परवाना तुमचा, पण टेबल माझं आहे."

फाईल मिटून त्यांच्या पुढ्यात सरकवली. टेबलही त्यांनाच ठेवू दिलं. पर्स घेऊन बाहेर पडले. बसथांब्यावर तीन बस सोडल्या. रडले नाही. दोन्ही गाल आतून चावून सोलले होते, ते घरी चहा घेताना कळलं.

परीक्षेपासून दादा कागद काढायचा आणि मी 'नंतर' म्हणायचे. आज त्याला काही विचारलं नाही. त्यानंही 'निकाल काय' विचारलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं तो विसराळू आहे.

८ नोव्हेंबर, रविवार

अकरा वाजता दादा घेणाऱ्या दोघांना घेऊन आला. एकाच्या हातात मोजमापाची टेप. माझ्याकडे न बघता दादा सांगायला लागला, जोत्याचं काम पक्कं, पाण्याला तोटा नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मशीनवर हात ठेवून.

मी पुढं झाले. अकरा वर्षं जसं बोलत आले तसंच बोलले. "या, घर बघायचंय ना? ही पश्चिमेची भिंत, कपाट सरकवलं तर मागं ओल आहे. अंगणातून शेजाऱ्यांची वहिवाट आहे, ती बंद होणार नाही. आणि घराचे मालक दोन आहेत. एक हे माझे भाऊ. दुसरी मी. माझी सही नाही, आणि होणार नाही."

टेपवाल्यानं टेप गुंडाळली. "आम्हाला सगळं सरळ आहे असं सांगितलं होतं," म्हणाला. दोघं निघून गेले.

दादा अंगणात उभा राहून ओरडला. सगळी गल्ली ऐकत असेल. टेम्पो घेऊन मी आलो होतो, विसरलीस? तीन वर्षं खायला घातलं. आयुष्यात एक संधी आली होती माझ्या, ती बहिणीनं खाल्ली. सगळं थोडंथोडं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. शेवटी म्हणाला, "आजपासून तू माझी बहीण नाहीस."

"कागदावर आहे," मी म्हटलं.

तो बॅग भरून कुठल्यातरी मित्राकडे गेला. जाताना वहिनीकडे बघितलंसुद्धा नाही.

घरात आम्ही दोघीच. ती पाट ओढून बसली, मी उंबऱ्यावर.

"तुम्हाला सगळं माहीत होतं," मी म्हटलं.

"फोनवर बोलायचा. त्याला वाटायचं मशीनच्या आवाजात मला ऐकू येत नाही. मी पायडल मारायचे नाही, नुसतं चाक फिरवायचे."

"मग सरळ सांगायचं."

"माझ्या तोंडून ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. तिला ते माहीत होतं, मला आत्ता कळलं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी पोराबाळाचं बोलले ते..."

"ते राहू दे. ते मी विसरणार नाही, तूही विसरू नकोस." तिनं जमिनीवरचा दोऱ्याचा तुकडा उचलला, बोटाला गुंडाळला. "आणि उपकार मानायला येऊ नकोस. तुझ्यासाठी नाही केलं. सोळा वर्षं हे घर झाडलं, पुसलं, सासऱ्यांचं शेवटचं आजारपण काढलं. हे घर विकायला माझी सही लागत नाही. तुझी लागते. मला तू आवडत नाहीस. पण तुझी सही ह्या घरात आहे तोवर मी आहे."

"मलाही तुम्ही आवडत नाही," मी म्हटलं.

"मग झालं तर," म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

१६ नोव्हेंबर, सोमवार

नदीपलीकडच्या एका छोट्या ऑफिसात काम मिळालं. मालकीणबाई स्वतः जिने चढते आणि टाय बांधत नाही. पहिल्याच दिवशी विचारलं, जुनी नोकरी का सोडली? खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "असं गिऱ्हाइकासमोर बोललात? भिंतीतल्या ओलीसकट?" मग म्हणाली, "चालेल."

दादाचा फोन नाही. मी दोनदा लावला, त्यानं उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही.

२३ नोव्हेंबर, सोमवार

परवाना टपालानं आला. मी कामावर होते, पाकीट वहिनीनं घेतलं. टपालवाल्यानं विचारलं म्हणे, सही करताय तर त्यांच्या कोण लागता तुम्ही?

तिनंच मला सांगितलं, पोळपाट धुताना, पाठ न वळवता. "मी म्हटलं, कोणी नाही. एका घरात राहतो."

"बरोबर सांगितलंत," मी म्हटलं.

पाकीट माझ्या टेबलावर होतं. फोडलेलं नव्हतं.